मोराला काटकोनात फिरवताना

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिनाभर मागावर बसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्याच आठवड्यात चौरंगाच्या वस्त्राचं काम घरी आलं. नाथषष्ठीची गर्दी नुकतीच ओसरली होती. पैठणात ऊन चढायला लागलं होतं. संभाजीनगरच्या एका कुटुंबाला देवघरातल्या चौरंगावर अंथरायला रेशमी चौरस हवा होता. अठरा इंच लांब, अठरा इंच रुंद. मधोमध कमळ, कडेनं वेल, चार कोपऱ्यांत चार मोर. अट एकच होती. पूजेला चौरंगाच्या चारही बाजूंनी माणसं बसतात, तेव्हा प्रत्येकाला आपल्या बाजूचा मोर सरळ, पाय आपल्याकडे केलेला दिसला पाहिजे.

बाबा खाटेवर डोळ्याला हिरवी पट्टी लावून पडले होते. म्हणाले, "मोर आहे की आपल्या पेटीत. फिरवायचाय फक्त. बघ माय, तुझं गणित कामाला येतंय का."

मी गणितात एम.एस्सी. केलं आहे. फिरवणं मला नवं नव्हतं. त्या "फक्त"मध्ये माझे पुढचे पंचवीस दिवस गेले. ते कसे गेले ते लिहून ठेवते, कारण माझ्यासारखी मुलं पैठणात अजूनही आहेत, ज्यांच्या एका खोलीत पुस्तकं असतात आणि दुसऱ्या खोलीत माग.

आमच्या मागावर नक्षी यंत्रानं उठत नाही. पैठणीच्या पदरातला मोर हातानंच विणायचा. जितके रंग तितक्या रेशमाच्या छोट्या कांड्या, आणि प्रत्येक कांडी आपल्यापुरते ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोजून तेवढ्यातच फिरते. शेजारच्या रंगाशी ती बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात, अडकवून परत वळवायची. म्हणून कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. विणणाऱ्यासमोर कागद असतो, त्यावर घरं पाडलेली. बाबा एकेक आडवी ओळ वाचतात: तीन हिरवी, दोन जर, पाच लाल. घरं मोजणं हेच त्यांचं वाचन.

मला वाटलं, प्रत्येक घराला पत्ता दिला की झालं. नववीत निर्देशक भूमिती सगळेच शिकतात: आडवं अंतर क्ष, उभं अंतर य, आणि (क्ष, य) म्हणजे त्या बिंदूचा पत्ता. मोर म्हणजे पत्त्यांची यादी. मोर सरकवायचा असेल तर प्रत्येक पत्त्यात तोच आकडा मिळवायचा, आरशात बघायचा असेल तर क्ष चं चिन्ह बदलायचं, काटकोनात फिरवायचा असेल तर (क्ष, य) च्या जागी (−य, क्ष) लिहायचं. एका ओळीचा नियम आणि अख्खा मोर हलतो. या कल्पनेवर माझा कॉलेजपासून जीव आहे. चित्र हाताळायला चित्रकाराचा हात लागत नाही, पत्ता लिहिता येणं पुरतं.

सुरुवात कमळापासून केली, कारण ते सोपं. डावं अर्धं कमळ बाबांच्या कागदावर होतं, चोवीस घरं रुंद. उजवं अर्धं त्याची आरशातली प्रतिमा. पूर्ण कमळ अठ्ठेचाळीस घरांचं, म्हणून मी नियम लिहिला: (क्ष, य) → (४८ − क्ष, य). स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या आलेख कागदावर रंगवून पाहिलं तर मधली पाकळी अर्ध्या जाडीची आली आणि उजव्या टोकाला एक उभी ओळ कोरी राहिली. चोविसावं घर स्वतःवरच येऊन पडत होतं: ४८ − २४ = २४. पहिलं घर सत्तेचाळिसाव्यावर जात होतं, आणि अठ्ठेचाळिसाव्यावर कुणीच येत नव्हतं.

रात्रभर नियम तपासला. चूक नियमात नव्हती, मोजण्यात होती. पुस्तकातला बिंदू रेघांच्या छेदावर असतो, त्याला जाडी नाही. घराला जाडी आहे. घर क्रमांक १ म्हणजे शून्यापासून एकपर्यंतची जागा. आरसा चोविसाव्या घरात नाही, चोविसाव्या आणि पंचविसाव्या घराच्या मधल्या रेघेवर आहे. म्हणून घरांसाठी नियम (४९ − क्ष, य). पंचेचाळीस मिनिटांच्या एका तासात वर्गात मी हे शिकवू शकले असते, पण स्वतः कधी शिकले नव्हते, कारण परीक्षेत घरं येत नाहीत, बिंदूच येतात.

सकाळी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "एकोणपन्नासातून वजा करायचं व्हय? आम्ही मधल्या दोऱ्याला गाठ मारतो आन् दोन्हीकडं मोजतो." तीच गोष्ट होती. त्यांची गाठ म्हणजे माझी रेघ.

वेलीला फारसा वेळ लागला नाही. काठातली वेल वळत वळत वर जाते, फूल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. नुसतं सरकवून ती येत नाही, नुसत्या आरशानंही नाही. दोन्ही एकत्र करावं लागतं. काठ वीस घरांचा, म्हणून (क्ष, य) → (२१ − क्ष, य + १६). पुन्हा तोच नियम लावला की (क्ष, य + ३२). म्हणजे बत्तीस ओळींनंतर वेल स्वतःसारखी होते. एक फूल काढलं की अख्खा काठ या एका ओळीत मावतो. हे दोन टप्पे मी मुद्दाम उलटसुलट करून पाहिले, तर इथं फरक पडला नाही, कारण सरकणं आरशाच्या रेघेला समांतर होतं. कमळाला तसं चालत नाही. (५, ७) हे घर आधी बारा घरं उजवीकडे नेऊन मग आरसा धरला तर (३२, ७) मिळतं. आधी आरसा धरून मग नेलं तर (५६, ७), म्हणजे कमळाच्या बाहेर. वहीत लाल शाईनं लिहून ठेवलं की क्रम बदलू नये.

वेल काढता काढता ग्रुप थिअरीची, म्हणजे सममितीच्या गणिताची, जुनी वही उघडली. पट्टीवर एका दिशेनं पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचे सममितीच्या हिशेबानं फक्त सात प्रकार होतात. सगळ्या बाजूंनी पसरणाऱ्या नक्षीचे सतरा, आणि त्या सतराची सिद्धता रशियाच्या फेदोरोव्हनं १८९१ मध्ये दिली. कॉलेजात हे पाठ केलं होतं. आता बाबांच्या पेटीतले काठ एकेक काढून त्या सातांत बसवायला लागले. कोणता नुसता सरकतो, कोणत्याला आरसा आहे, कोणता उलटा धरला तरी तसाच दिसतो. दुपारभर बसले होते, आई दोनदा जेवायला बोलावून गेली. त्या दुपारी एक गोष्ट वहीत उतरली, तिचं महत्त्व मात्र चार दिवसांनी कळलं: त्या सातांपैकी एकातही काटकोनाचं फिरणं नाही. पट्टी काटकोनात फिरवली तर ती पट्टीवर बसणारच नाही, आडवी पडेल. पट्टीला अर्धा फेरा तेवढा चालतो.

मग मोर.

बाबांचा बांगडीतला, म्हणजे गोल कड्यात बसवलेला, मोर साठ घरं रुंद आणि शहाण्णव घरं उंच. वस्त्राच्या मध्यावर आरंभबिंदू धरला. वस्त्राची रुंदी पाचशे चाळीस घरं, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे दोनशे सत्तर. पहिला मोर उजव्या खालच्या कोपऱ्यात: क्ष १९५ ते २५५, य −३४० ते −२४४. घरांचा घोळ नको म्हणून या वेळी रेघा मोजल्या. नियम लावला: (−य, क्ष). दुसऱ्या मोराचा क्ष आला २४४ ते ३४०.

दोनशे सत्तरला वस्त्र संपतं. मोर सत्तर घरं बाहेर गेला होता.

आधी वाटलं, वजाबाकीत चुकले. चारदा केली. मग वाटलं, मोर जरा आत घेऊ. पण कोपऱ्यापासूनचं अंतर फिरवल्यानं बदलतंच कसं? फिरवण्यात लांबी बदलत नाही, हे तर त्याचं लक्षणच. चौरस मध्याभोवती काटकोनात फिरला तर स्वतःवरच बसायला हवा. मग लक्षात आलं की वस्त्राची उंची घरांत किती, हे मी रुंदीशी ताडून पाहिलंच नव्हतं. बाबांना विचारलं, "अठरा इंच उंचीत घरं किती?"

"सातशे वीस."

"आणि रुंदीत पाचशे चाळीस?"

"मग? ताण्याचे साठ धागे इंचाला, बाण्याचे ऐंशी. दोन-दोन धाग्याचं एक घर. इंचाला आडवी तीस, उभी चाळीस. लहानपणापासून ऐकायलीस की हे."

ऐकत होते, खरंय. आकडे पाठ होते. पण माझ्या कागदावरचं घर चौरस होतं आणि मागावरचं चौरस नव्हतं, या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या. माझ्या आलेख कागदावर चोवीस बाय चोवीस घरांत काढलेली गोल बांगडी मागावर आठ दशांश इंच रुंद आणि सहा दशांश इंच उंच आली असती, चेपलेली. गोल यायला ती चोवीस घरं रुंद आणि बत्तीस घरं उंच काढावी लागते.

बाबा पेटीच्या तळाशी हात घालून चाचपत राहिले आणि आजोबांचे कागद बाहेर काढले. हातानं आखलेले, कडा पिवळ्या पडलेल्या. प्रत्येक जाड रेघेच्या चौकोनात आडवी सहा घरं आणि उभी आठ. घरं जरा बसकी. त्या कागदावरची बांगडी डोळ्यालाही गोल दिसत होती. आजोबा चौथी शिकलेले. दोन्ही अक्षांवर एकक वेगळं असतं हे त्यांनी शब्दांत कधी सांगितलं नसेल, पण कागदच तसा आखून ठेवला होता. मला रडू आलं. मी तो कागद हजारदा पाहिला असेन, पण सहा आणि आठ कधी मोजले नव्हते.

आता चार दिवसांपूर्वीची नोंद परत वाचली. सरकवताना, आरशात बघताना, अर्धा फेरा घेताना क्ष हा क्ष च्याच जागी राहतो आणि य हा य च्याच. चिन्ह बदलतं, आकडा वाढतो, इतकंच. घर बसकं असो की चौरस, या नियमांना काही फरक पडत नाही. काटकोनात फिरताना मात्र क्ष जाऊन य च्या जागी राहतो, आणि त्याचं माप तिथं चालत नाही. काठ आणि पदर विणत आमच्या तीन पिढ्या गेल्या. पदरातले मोर एकमेकांकडे तोंड करून, म्हणजे आरशानं आलेले. काठ त्या सात प्रकारांतले. काटकोनाचं काम घरी कधी आलंच नव्हतं. म्हणून बाबांना "फिरवायचाय फक्त" वाटलं, आणि मलाही.

नियम नव्यानं काढला. आधी घरांचे इंच करायचे: आडव्याला तीसनं भाग, उभ्याला चाळीसनं. इंचांत फिरवायचं. मग इंचांची परत घरं करायची. तिन्ही पायऱ्या एकत्र केल्या की उरतं ते असं:

(क्ष, य) → (−३/४ य, ४/३ क्ष)

पहिला मोर यात घातला. क्ष १८३ ते २५५, य २६० ते ३४०. उजव्या कडेपासून पंधरा घरं म्हणजे अर्धा इंच, वरच्या कडेपासून वीस घरं म्हणजे अर्धा इंच. बरोब्बर कोपऱ्यात. मोर बहात्तर घरं रुंद आणि ऐंशी उंच झाला. साठ गुणिले शहाण्णव म्हणजे ५,७६०, आणि बहात्तर गुणिले ऐंशी म्हणजेही ५,७६०. घरं तितकीच, नुसती वेगळी मांडलेली. तोच नियम पुन्हा लावला तर (−क्ष, −य), म्हणजे अर्धा फेरा. चारदा लावला तर मोर आपल्या मूळ जागी. रात्री अकराला मी हे उठून बाबांना सांगितलं आणि त्यांनीही उठून ऐकलं.

पण कागदावर रंगवायला गेले तर मोराला भोकं पडली. क्ष चा ४/३ घेतला की शून्य, एक, दोन, तीन यांच्या जागी शून्य, एक पूर्णांक एक तृतीयांश, दोन पूर्णांक दोन तृतीयांश, चार. जवळच्या घरात बसवले तर शून्य, एक, तीन, चार. दोन नंबरची ओळ कोरीच. दुसऱ्या बाजूला उलटं. चार आडव्या ओळींच्या तीन उभ्या ओळी करायच्या, म्हणजे दोन ओळी एकाच जागेवर येतात आणि एक दुसरीला झाकते. मोराचा डोळा एका ओळीत होता. तो गेला.

यावर उपाय वाट उलटी धरण्याचा. जुन्या घरापासून निघून नव्या घरात जायचं नाही. नव्या कागदावरच्या प्रत्येक घरापाशी थांबायचं आणि विचारायचं, तू कुठून आलास? नवं घर (क्ष, य) असेल तर जुनं घर (३/४ य, −४/३ क्ष). अपूर्णांक आला तर सगळ्यात जवळचं घर बघायचं आणि त्याचा रंग घ्यायचा. असं केलं की नव्या कागदावर एकही घर कोरं राहत नाही, कारण आपण प्रत्येकाला विचारूनच पुढे जातो. काही ओळी दोनदा येतात, काही गळतात, पण भोक पडत नाही. ५,७६० घरं अशी विचारायला मला सहा दिवस लागले. संगणकावर क्षणात झालं असतं. तरी हातानं केलं याचं मला वाईट वाटत नाही, कारण कोणत्या घरापाशी नियम अडतो ते मला घर अन् घर माहीत आहे. बांगडीची कड तीन ठिकाणी जाड झाली होती, ती मी पुसून बारीक केली. डोळा तरीही गळालाच, तो हातानं ठेवला.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर बाबांनी कागद उन्हात धरून पाहिला. बराच वेळ. मग म्हणाले, "पाय बघ."

मोराचे पाय म्हणजे दोन बारीक उभ्या रेघा. फिरवल्यावर त्या आडव्या झाल्या, त्याला त्यांची हरकत नव्हती. आडवी रेघ सोपी, एक कांडी एका दमात इकडून तिकडे जाते. त्यांना खटकत होती पिसाऱ्याखालची लांब आडवी जर, जी आता उभी झाली होती. उभी बारीक रेघ म्हणजे प्रत्येक ओळीला दोन्ही कडांना शेजारच्या रंगात अडकवणं, आणि तशा चाळीस-पन्नास ओळी. एका घराची उभी जर तिथं सुरकुतते, असं त्यांचं म्हणणं. माझ्या निर्देशकांना हे कळणं शक्य नव्हतं. त्यांच्यासाठी दोन्ही दिशा, माप जुळवून घेतलं की, सारख्याच. मागाला त्या सारख्या नाहीत. ताणा आधीपासून ताणलेला असतो, बाणा नंतर येतो. आम्ही ती जर दोन घरं जाड केली आणि शेजारचं हिरवं एका घरानं कमी केलं. दुसऱ्या आणि चौथ्या मोरात. पहिल्या आणि तिसऱ्यात मूळचीच राहू दिली. निम्मे मोर एका जरीचे आणि निम्मे दुसरीचे, हे मला आजही थोडं खुपतं. बाबांना अजिबात खुपत नाही.

मधे त्या कुटुंबाचा फोन आला, कमळाखाली "श्री" विणता येईल का. मी आनंदानं हो म्हणाले आणि मग विचार केला. पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी असते खरी, पण कापड उलटं केलं की प्रत्येक (क्ष, य) चा (−क्ष, य) होतो. मोराला ते चालतं, तोंड दुसरीकडे होतं इतकंच. अक्षराला चालत नाही. शिवाय चार बाजूंनी बसणाऱ्यांपैकी एकालाच "श्री" सरळ दिसणार. त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी "श्री" नको म्हटलं.

बाबा मागावर बसले तेव्हा वैशाख लागला होता. सकाळी सहा ते दहा, उजेड चांगला असेपर्यंतच. मी बाजूला बसून ओळी वाचत होते. खालचे दोन मोर आधी येतात, पहिला आणि चौथा, एकाच वेळी, एकाच धोट्याच्या फेऱ्यात: एक उभा, एक आडवा. दोघांच्या ओळी वेगळ्या, म्हणून दोन वह्या उघड्या ठेवाव्या लागत. कमळ आलं तेव्हा बाबांनी मला उजवं अर्धं वाचूच दिलं नाही. डावीकडचा आकडा ऐकला की ओठ हलायचे आणि उजवीकडची कांडी बरोबर घरात जायची. "सतरा," मी म्हणायचे. "बत्तीस," ते म्हणायचे.

वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या मोराचा तुरा मात्र नियमानं आला नाही. कागदावर त्याच्या तीन काड्या होत्या, विणताना त्यांतली मधली शेजारच्या काडीला चिकटायला लागली. बाबांनी मला थांबायला सांगितलं, डोळा बारीक करून कापडाकडे पाहिलं आणि न विचारता दोन घरं डावीकडे घेतली. काडी सुटी झाली. मी वहीत ती दोन घरं निळ्या शाईनं भरली आणि समोर लिहिलं: बाबा.

मग पुढची ओळ वाचली.